मूळ गावाच्या रकान्यात

पांढुर्ण्याला मी उतरले तेव्हा स्टेशनावर माझ्यासाठी कुणी आलं नव्हतं, आणि मला ते बरंच वाटलं. मी भांडायला आले होते. भांडायला निघालेल्या माणसाला हारतुरे नकोत, कचेरीचा पत्ता पुरे.

पंच्याऐंशी-शहाऐंशीचा हिवाळा होता. पुण्यात आमची संघटना हक्कांच्या पुस्तिका छापायची. इंग्रजी सरकारी फॉर्ममधले शब्द, म्हणजे राष्ट्रीयत्व, नागरिकत्व, अधिवास असले घशात अडकणारे, सोप्या मराठीत आणायचं काम माझं. राज्यांची फेररचना झाली तेव्हा सौंसर-पांढुर्ण्याची माणसं मध्यप्रदेशात राहिली. ती बोलतात मराठी, कचेरी चालते हिंदीत आणि नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म येतो इंग्रजीत! माझी पुस्तिका इकडे येऊन तीन महिने झाले होते. मग सौंसरहून पोस्टकार्ड आलं : ‘मुलीचा रहिवासाचा दाखला नाकारला. शनिवार शेवटचा दिवस. कोणी यावे.’ मी बॅग भरली. गाडीत बसल्या बसल्या निषेधाचं पत्रकही लिहून टाकलं.

सौंसरच्या बसला तासभर अवकाश होता. चहाच्या टपरीवर तर्री (तिखटजाळ रस्सा) घातलेले पोहे घेतले आणि पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी आलं. टपरीवाला खूष झाला.

“पुन्याच्या काय बाई? येकटीच आली?”

“हो. एकटी का येऊ नये?”

“या ना बाप्पा! मी कोठी अडवून राहिलो?”

तेवढंच. नंतर तो गिऱ्हाइकांत गुंतला आणि मी जाम नदीपलीकडच्या सावरगावची घरं मोजत बसले. बसमध्ये गर्दी होती, पण मंगळवार असल्यामुळे जामसांवलीच्या फाट्यावर मारुतीचे भक्त भराभर उतरले. उरलो मी, कंडक्टर आणि संत्र्यांच्या चार पेट्या. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, बाया वाकून वेचत होत्या. एकीनंही मान वर केली नाही. का करावी? तरी मला उगाच वाटत राहिलं, कुणीतरी बघावं.

पोस्टकार्ड शेवंताबाईंनी लिहवून घेतलं होतं. त्या दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जायच्या. नवरा वारलेला, एकुलती लेक सुनंदा अकरावी पास. नर्सिंगसाठी तिची निवड झाली होती, अडलं होतं ते रहिवासाच्या दाखल्यावर. दारात जयभीम झाला, पाणी झालं.

“इथंच जन्मली पोरगी,” शेवंताबाई म्हणाल्या. “तिचा बाप इथंच जन्मला, इथंच मेला. अन् बाबू म्हनते, तुमी मध्यप्रदेशचे नाई. मंग कोठचे आमी?”

माझं रक्त तापलं. “उद्या त्या बाबूला बघतेच मी!”

सुनंदा चुलीपाशी भाकरी थापत होती.

सकाळी कचेरीत मी उभ्यानंच सुरुवात केली. संविधान, समता, भाषिक अल्पसंख्य, पत्रकातलं सगळं. बाबू म्हातारे होते, चष्म्याला दोरी बांधलेली. त्यांनी मला थांबवलं नाही. माझा दम संपल्यावर म्हणाले, “बसा. पानी प्या.” मग कपाटातून एक गठ्ठा काढला. “हे पाहा. येकाच साच्यातले अर्ज. समदे नामंजूर.”

मी पाहिले. रहिवासाच्या रकान्यात कुणी मोवाड लिहिलं होतं, कुणी नरखेड, कुणी काटोल. सगळी गावं महाराष्ट्रातली. सुनंदाच्या अर्जात, तिच्याच सुबक अक्षरात : मोवाड.

“असं कसं लिहिलं यांनी?”

“मी बी तेच पुसलं. तर हे दाखवलं मले.” त्यांनी गठ्ठ्याखालून माझी पुस्तिका काढली. “कोन लिवलं हे? मोठा इद्वान दिसते.”

कायद्यातल्या ‘डोमिसाइल’ या इंग्रजी शब्दाला सरकारी मराठी ‘अधिवास’ म्हणते, म्हणजे माणूस जिथं घर करून कायमचा राहतो ती जागा. मी तो शब्द खोडून तिथं ‘मूळ गाव’ छापलं होतं. साधं, गोड, लोकांचं! बैठकीत टाळ्या मिळाल्या होत्या.

“मीच,” मी म्हणाले.

परत आल्यावर शेवंताबाईंना विचारलं, तुम्ही मोवाडला कधी राहिलात?

“राहिली? म्या पाह्यलं बी नाई ते गाव.”

“मग लिहिलं का?”

“मूळ गाव पुसलं ना तुमच्या पुस्तकात! आज्याचं गावच सांगा लागते. लग्नाच्या बोलनीत पहिले तेच पुसतात. ज्याले आज्याचं गाव सांगता येत नाई, त्याले कोन पोरगी देते?”

त्यांच्या दृष्टीनं उत्तर चोख होतं. मी एकदा, फक्त एकदा, इथल्या एका बाईला विचारायला हवं होतं. विचारलं नव्हतं.

बाबूंनी वाट सांगितली होती. नवा अर्ज, नवं प्रतिज्ञापत्र, आणि सोबत पुस्तिकेच्या लेखिकेचं पत्र की आधीची नोंद तिच्यामुळे चुकली. आमच्या पत्रकांत नेहमी ‘आम्ही’ असतो. आम्ही धिक्कार करतो, आम्ही मागणी करतो. ‘मी चूक केली’ हे वाक्य मी प्रथमच लिहिलं, आणि गठ्ठ्यातल्या प्रत्येक अर्जासाठी पुन्हा लिहिलं. गुरुवारी नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं रामाकोन्याला गेले, तिथल्या तीन घरी तेच सांगितलं. माणसांनी ऐकलं, संत्री दिली, रागावलं कुणीच नाही. कुणी शिवी दिली असती तर बोलायला तरी काही राहिलं असतं.

चौकशीला पटवारी, म्हणजे आपल्याकडचे तलाठी, यायचे होते. ते दौऱ्यावर होते. सोमवारी आले. बाकीच्यांचे दाखले होणार होते. सुनंदाचा शनिवार गेला होता.

मंगळवारी ती मला बसपर्यंत सोडायला आली.

“सुनंदा, तू काहीतरी बोल ना मला.”

“काय बोलू ताई? आईसंग कापसाले जाईन. पुढच्या साली फारम भरीन.” मग बस हलता हलता म्हणाली, “आता लिवसान त पहिले पुसा. मले पुसलं तरी चालते.”

पुण्यात सगळ्यांना मोर्चाची हकीकत हवी होती. मोर्चा कुणावर काढायचा, ते मला सांगता येईना. एका गरीब मुलीचं वर्ष कुणी दुष्ट माणसानं खाल्लं नव्हतं. तिच्या बाजूनं लिहिणाऱ्या बाईनं खाल्लं होतं. शिल्लक पुस्तिका मी परत मागवल्या. बैठकीत कुणी म्हणालं, ‘एवढं मनाला लावून घेऊ नकोस,’ आणि पुढचा विषय निघाला.

नव्या पुस्तिकेचे सहा शब्द अडले होते. प्रत्येकापुढं प्रश्न लिहून मी सुनंदाला पाठवले : हा शब्द वाचून तुमच्याकडची माणसं काय लिहितील? पंधरा दिवसांनी आंतरदेशीय पत्र आलं. सहाही उत्तरं क्रमवार होती, दोन ठिकाणी शेजारच्या बायांनी काय सांगितलं तेही. आईची खुशाली होती. स्वतःविषयी तिनं एक ओळही लिहिली नव्हती.