पासपोर्ट कपाटात होता

युरोपच्या सहलीची पहिली पायरी अगदी सोपी होती: सोमवारी स्टाफरूममध्ये पासपोर्टची झेरॉक्स द्यायची. बंगळुरूच्या बसवनगुडीतल्या आमच्या शाळेतल्या बाकीच्या शिक्षिकांनी दिलीही होती. माझा पासपोर्ट मात्र नवऱ्याच्या लोखंडी कपाटात होता आणि किल्ली त्याच्या करदोट्याला. कपाट मूळचं सासऱ्यांचं. किल्ली कमरेला बांधायची सवयही त्यांचीच.

रविवारी जेवताना मी किल्ली मागितली.

"युरोपला जायला तू कोण महाराणी लागून गेलीस?" म्हणत त्याने ताट भिरकावलं. सांबार भिंतीवर उडालं, ताटाची कड माझ्या भुवईवर बसली. असं आधीही झालं होतं आणि दर वेळी मी मुकाट्याने फरशी पुसली होती. त्या दिवशी रक्त डोळ्यात उतरलं आणि मला एवढा राग आला की दुखलंसुद्धा नाही.

स्वयंपाकघरातला वरवंटा उचलून मी कपाटाच्या कुलपावर हाणला. नवरा धावत आला, केस धरून त्याने माझं डोकं भिंतीवर आपटलं. मी वळले आणि वरवंटा त्याच्यावर उगारला. खोटं कशाला बोलू, मी मारलाच असता. त्यालाही ते कळलं. केस सोडून तो दारापर्यंत मागे सरकला आणि तिथेच उभा राहिला.

मग मी घाव घालतच सुटले. पत्रा चेपला, पण कुलूप काही हलेना. काय झालं म्हणून शेजारीण खिडकीतून ओरडली, "एनायितु अक्का?"

"काही नाही, कपाट आवरतेय!" मी कन्नडात ओरडून सांगितलं.

सासूबाई इतका वेळ खाटेवर बसून होत्या. मुलाने हात उचलला की त्या नेहमी पोथीत डोकं खुपसायच्या. मला त्यांचाही संताप यायचा. त्यांनी पोथी मिटली.

"अगं, कुलपावर काय मारतेस? बिजागरीवर मार. वरची स्वल्प ढिली आहे."

"आई, तू गप्प बस!" तो दारातून किंचाळला. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

बिजागरी तुटली, दार खाली लोंबलं. आत माझा पासपोर्ट होता आणि त्याखाली फडक्यात बांधलेल्या सासूबाईंच्या माहेरच्या पाटल्या. मी त्या त्यांच्या हातात दिल्या.

"ढिली आहे हे तुम्हाला कसं ठाऊक?"

पाटल्या मनगटावर चढवत त्या म्हणाल्या, "एकदा मीही वरवंटा घेतला होता. माझा हात कमी पडला."