सायबीण पुढच्या घरी जाताना

ऑक्टोबरातली संध्याकाळ झाली की आमच्या वाडीत मला अजून अर्धवट झोपेत असल्यासारखं वाटतं. भातकापणी झालेली असते, गवताचा वास अंगणात साचून राहतो, सुरूच्या झाडांपलीकडे समुद्र स्वतःशीच पुटपुटत असतो, आणि कुठल्यातरी घरातून कोकणी गाणी ऐकू येतात. हा सायबिणीचा महिना. सायबीण म्हणजे मारियामातेची हातभर उंचीची मूर्ती. ती चर्चमधून निघते आणि वाडीतल्या प्रत्येक ख्रिस्ती घरी एक दिवस राहते. रोज संध्याकाळी शेजारपाजार जमतो, रोझरी म्हणजे जपमाळेची प्रार्थना होते, उकडलेले चणे वाटले जातात. दुसऱ्या दिवशी त्या घरच्या बाईने मूर्ती उचलून पुढच्या घरच्या बाईच्या हातात द्यायची. मध्ये कुठे टेकवायची नाही, असा आमचा रिवाज.

आमच्यानंतरचं घर काकीचं. काकी म्हणजे माझ्या आईची धाकटी जाऊ. आणि या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

माझे वडील गेले त्या दिवशी, भरल्या घरात, काकी म्हणाली होती की यांना वेळेवर गोव्याच्या इस्पितळात नेलं असतं तर वाचले असते. बस, एवढंच. तिथून पुढे आईने तिचं तोंड पाहिलं नाही. मला विचाराल तर, ते बोलणं आईला खोटं वाटलं असतं तर ती महिन्याभरात विसरली असती. ते खरं असेल अशी भीती तिच्या मनात घर करून होती, आणि त्या भीतीला तिने काकीचं नाव दिलं होतं.

सायबिणीची मात्र पंचाईत झाली. त्यावर आमच्या लोकांनी झकास तोड काढली. आई मूर्ती माझ्या हातात द्यायची, मी ती काकीच्या सुनेच्या हातात द्यायची. मूर्ती हातातूनच जात होती, त्यामुळे कुणाला काही खटकलं नाही, फादरनाही नाही. रोझरीतल्या प्रार्थनेत अपराध्यांना क्षमा करण्याची ओळ आली की आई अशी खणखणीत म्हणायची की मधल्या कुंपणापलीकडे काकीला ऐकू जावी. दुसऱ्या दिवशी काकीही आपल्या घरातून तीच ओळ तितक्याच जोरात परत पाठवायची. देवाच्या नावाने इतकं सभ्य भांडण मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

गेल्या वर्षी काकी विहिरीच्या पायरीवरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि ती खाटेला खिळली. काका मागेच वारलेले, मुलगा जहाजावर, सून बाळंतपणाला माहेरी. एक बाई सकाळ-संध्याकाळ येऊन जेवण करून द्यायची, तेवढाच आधार. त्या बाईबरोबर काकीने निरोप पाठवला की यंदा माझं घर सोडून सायबीण पुढे न्या, इथे तिचं करायला कुणी नाही. मी गोव्याच्या नोकरीतून रजा काढून आले होते. निरोप मीच आईला सांगितला. ती चण्यातले खडे निवडत होती. ‘बरा झाला,’ म्हणाली, आणि निवडतच राहिली.

त्या संध्याकाळी सायबीण आमच्या घरी होती. धूप दाटला होता, मेणबत्त्यांच्या उजेडात सगळ्यांचे चेहरे तरंगत असल्यासारखे दिसत होते. क्षमेची ओळ आली आणि आईचा आवाज आलाच नाही. बाकीचे म्हणून गेले. पुन्हा आली, पुन्हा नाही. रोझरीत ती ओळ काही एकदा येऊन सुटका करत नाही. आई नुसती मूर्तीकडे बघत बसली होती, आणि मला तिची फार दया आली.

सकाळी ती केरसुणी घेऊन कुंपणापलीकडे गेली. मागून मी बादली घेऊन. काकीने मान वळवली. आईने घर झाडलं, पुसलं, चादर बदलली, काकीचं अंग पुसलं. हे सगळं इतक्या शांतपणे चाललं होतं की मला वाटलं, मी हे पाण्याखालून बघते आहे. मग आई फणी घेऊन तिच्या उशाशी बसली. केसांच्या जटा झाल्या होत्या.

काकी म्हणाली, ‘मी तेवा बोललंय, ता...’

‘गप रव,’ आई म्हणाली. ‘हलू नको. केस वढतले.’

चणे आईने काकीच्याच चुलीवर उकडले.

संध्याकाळी आम्ही सायबिणीला घेऊन निघालो. पुढे आई, मूर्ती छातीशी धरलेली, मागे गाणी आणि मेणबत्त्या. वाट चार पावलांची, पण हवा इतकी मऊ होती की ती संपू नये असं वाटत होतं. आई उंबरा ओलांडून आत गेली आणि खाटेपाशी उभी राहिली. काकीला मी उशीला टेकवून बसवलं होतं. आईने मूर्ती पुढे केली. काकीने हात उचलले, पण ते मूर्तीपर्यंत आले नाहीत.

‘वयनी,’ ती म्हणाली, ‘तिका थंय ठेव. आदी माका धर.’

आईने सायबिणीला तांदळाच्या डब्यावर ठेवलं आणि खाटेवर बसून काकीला दोन्ही हातांनी कवटाळलं. तिच्या खांद्यात तोंड खुपसूनच म्हणाली, ‘तू खोटा नाय बोललंस.’

‘खोटाच गो ता,’ काकी म्हणाली. ‘माका रडूकच येय नाय, म्हणान बोललंय.’

मग आईला रडू आवरेना. वाडीत प्रार्थना सांगणारे एक आजोबा दारात येऊन घसा खाकरून सुरुवात करणार, तोच मी त्यांचा हात धरला. अंगणात मेणबत्त्या अर्ध्या वितळल्या, चणे गार झाले. त्या दिवशी प्रार्थना फार उशिरा सुरू झाली, आणि कुणीही कुरकुर केली नाही.