नाव नसलेली फाईल

टायपिंगबाईंना टायपिंग सोडून काही येत नाही, असं शाळेतले बाकीचे मास्तर म्हणायचे, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. एकवीस वर्षं त्यांनी टाइपरायटरवर मुलांची बोटं वळवली. मग मशिनं भंगारात गेली, क्लास बंद पडला, आणि बावन्नाव्या वर्षी सहा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन बाई शाळा सुटल्यावर चार ते साडेपाच मुलांना कोडिंग शिकवू लागल्या. तेही व्हिडिओ गेम करायला लावून! बाईंनी जन्मात एक गेम खेळला नव्हता. पण वासरांत लंगडी गाय शहाणी. स्क्रीनवर रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडायचे. मांजर भिंतीला आपटलं तर गुण कमी, मासा मिळाला तर जास्त. मुलं मधूनच असं काही विचारत की बाई चष्मा पुसत बसत, आणि तेवढ्यात मुलांनाच उत्तर सापडे.

एक गोष्ट मात्र त्या पहिल्याच दिवशी ठासून सांगत. "इथं चुकलं तर रडायचं नाही. टायपिंगमध्ये एक अक्षर चुकलं की अख्खा कागद वाया जायचा. इथं मागे घेता येतं." हे सांगताना त्यांचा चेहरा खुलायचा.

दुसरी गोष्ट टायपिंग क्लासातूनच सोबत आलेली. ज्या कागदावर नाव नाही तो थेट टोपलीत. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं कॉम्प्युटरसमोरही बाईंचं चालूच असे, "फाईलला नाव द्या रे, नाव!"

कंडक्टरची नात तेवढी नाव देत नसे. दहा वर्षांची, स्वतःशी पुटपुटत काम करणारी मुलगी. तिचा गेम बसचा होता. बसमध्ये बदकं चढायची, दाराशी गर्दी झाली की कंडक्टर ओरडायचा, मग बदकं आत सरकायची. ओरडणारा आवाज तिच्या आजोबांचा होता, खऱ्याखुऱ्या निवृत्त कंडक्टरचा. एकदा ते तिला न्यायला आले तेव्हा बाईंनीच त्यांच्या तोंडासमोर माईक धरला होता. "पुढे सरका! पुढे जागा रिकामी आहे!" आजोबा असे गरजले की शिपाई धावत आला, कुणाचं भांडण झालं म्हणून.

"आता नाव दे गेमला," बाई तेव्हा म्हणाल्या होत्या.

"पूर्ण झाल्यावर आजोबा ठेवणार आहेत."

त्यानंतर महिन्याभरात आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. घरच्यांच्या फोनमध्ये फोटो ढिगानं होते, आवाज एकही नव्हता. नात मात्र निश्चिंत होती. शनिवारी पालकांना गेम दाखवायचे होते, आजोबाही येणार होते. "त्यांना स्वतःचा आवाज ऐकवला की कसं बोलायचं ते आठवेल," असं तिनं बाईंना अगदी हिशेबानं सांगितलं. जर ऐकलं, तर बोलतील. बाईंनीच शिकवलेलं जर-तर ते. बाई नुसत्या "बरं" म्हणाल्या.

गुरुवारी मुलं गेल्यावर बाई साफसफाईला बसल्या. सातही कॉम्प्युटर रडतखडत चालत होते, शनिवारी पालकांसमोर अडले तर शोभा व्हायची. बिननावाच्या फायलींचा नुसता सुळसुळाट झालेला. बाईंनी त्या सगळ्या एकदम निवडल्या आणि उडवल्या. मग स्क्रीनवरची कचरापेटीही रिकामी केली, वर सफाईचा प्रोग्रामही चालवला. कामात अर्धवटपणा त्यांना खपत नसे.

शुक्रवारी नातीनं कॉम्प्युटर लावला, इकडे शोधलं, तिकडे शोधलं. "बाई, माझा गेम?"

 नाव का नव्हतं ते बाईंना ठाऊक होतं, आणि हात मात्र सवयीनं चालला होता. त्यांनी लपवलं नाही. "मी पुसला गं. माझ्याकडून चूक झाली."

मुलगी रडली नाही. बाई काहीतरी विसरल्यासारखं तिनं त्यांच्याकडे पाहिलं. "मग मागे घ्या ना, बाई."

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आला, तासभर बसला. "साध्या डिलीटचं काही करता आलं असतं. पण तुम्ही नंतर सफाईचा प्रोग्राम पण चालवलात ना? मग संपलं," तो म्हणाला आणि चहा न घेताच गेला. नातीनं तोवर कोऱ्या पानावर बस काढायला घेतली होती. ठोकळे तिला पाठच होते. तिनं साडेपाचला उठायला नकार दिला, तिची आई येऊन शेजारी बसून राहिली, आणि सातच्या सुमाराला बदकं पुन्हा चढू लागली. आवाजाचा ठोकळा तिनं जागेवर लावला. आत काहीच नव्हतं.

शनिवारी आजोबा चाकाच्या खुर्चीतून आले. दाढी केलेली, शर्टाची गळ्यापर्यंत बटणं लावलेली. बदकं चढली, दाराशी गर्दी झाली आणि तशीच थांबली. कुणी ओरडलं नाही. आजोबा स्क्रीनकडे बघत राहिले.

"बाई, तुम्ही म्हणा," नात म्हणाली. "तुम्ही ऐकलंय."

बाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तरी त्या म्हणाल्या, "पुढे सरका. पुढे जागा रिकामी आहे." आयुष्यभर 'शांत बसा' सांगत आलेला आवाज तो, त्यानं कोण सरकणार? आजोबांनी जोरजोरात मान हलवली. असं नव्हे. त्यांनी डावा हात उचलला, छाती भरून घेतली, तोंड उघडलं. "अ... अअ..."

"येतंय, येतंय!" नातीनं झटकन माईक त्यांच्या तोंडाशी धरला आणि लाल बटण दाबलं. मग बाईंकडे वळून म्हणाली, "आधी नाव दिलंय हं मी. 'आजोबा' असं."

स्क्रीनवर सेकंद पडू लागले. सात, आठ, नऊ. आजोबांच्या कपाळाची शीर फुगली, डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, माईक हलला नाही. बस कर म्हणायला हवं होतं, आणि ते म्हणायचा हक्क त्या खोलीत बाईंना सोडून सगळ्यांना होता.

वीस. एकवीस.

"घाई नाही, आजोबा," नात म्हणाली. "चुकलं तर मागे घेता येतं."