तांदळावरचं नाव

शिवकन्याला कुणी विजयश्री म्हटलं, की ती अजूनही मागे वळून बघे, दुसरंच कोणी आलंय की काय म्हणून. हे नाव सासरचं. कोहिनूर गावची शिवकन्या भालकीच्या धनराजची बायको झाली आणि रीतीप्रमाणे तिचं नाव बदललं. आधार कार्ड मात्र माहेरच्याच नावाचं राहिलं. कोण बदलत बसतंय?

धनराज अग्निशमन दलात होता. विहिरीत दोन मजूर गुदमरले, तेव्हा कमरेला दोर बांधून हा खाली उतरला. दोघांना जिवंत वर पाठवलं. याला ओढून काढलं तेव्हा श्वास नव्हता.

नोकरीच्या कागदांवर वारस विजयश्री, आणि त्याच्या जागी नोकरी मागायला आली शिवकन्या. ही विजयश्री कोण, असं कार्यालयाने विचारलं. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात, इथे आठ झाले. दर खेपेला नवा कागद, नवा शिक्का. जूनपर्यंत नोकरी लागली नाही, तर सरकारी खोली सोडायची, लेकीची, प्रेरणाची शाळा सोडवायची आणि भावाच्या दारात जायचं. दुसरा रस्ता उरला नव्हता.

तेवढ्यात त्या टेबलावर राजशेखर नावाचा नवा कारकून आला.

"बसा अक्का," तो म्हणाला. आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणी बसायला सांगितलं होतं. "नाव लग्नात बदललं, ह्याला काही पुरावा?"

शिवकन्या भडकलीच. "कसला पुरावा साहेब? नवऱ्यानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिवलं. तांदूळ काय कपाटात जपून ठिवत्यात व्हय?"

राजशेखर हसला. "फोटो तर काढला असंल की!"

काखेत कळसा अन् गावाला वळसा! दुसऱ्याच दिवशी ती लग्नाचा अल्बम आणि लग्नातले दोन जाणते घेऊन हजर झाली. फोटोत धनराज दातांत जीभ धरून तांदळावर 'विजयश्री' लिहीत होता. राजशेखरने तिथल्या तिथे जबाब घेतले, फाईल स्वतः वरच्या साहेबांकडे नेली. बाराव्या दिवशी नोकरीचा हुकूम निघाला.

पेढे घेऊन ती गेली आणि वाकून त्याच्या पाया पडू लागली. तो ओशाळून मागे सरला.

"माझे पाय कामून धरायलाव? नाव धनराज अण्णांनीच लिहून ठिवलं होतं. मी निस्तं वाचलं."

"तेवढं वाचाय आठ महिने कुणाला येळ न्हवता, अण्णा," शिवकन्या म्हणाली आणि पेढा त्याच्या हातावर ठेवला.