पाण्याकडे तोंड करून

माझ्या दुकानातल्या माठाचं पाणी प्यायली की ती पोरगी उलट्या पावलांनी मागे यायची. पेला पालथा घालायचा, माठाकडे तोंड ठेवायचं आणि मागे मागे सरकत थेट दारातल्या पुतळ्यावर आदळायचं. ब्लाउज घातलेला तो पुतळा बिचारा तिच्यापायी इतक्यांदा पडला, की शेवटी त्याचा एक हात निखळला. मी ओरडायची, "अवं, मागं डोळे आहेत का तुले?"

ती पुतळा उभा करत म्हणायची, "पाण्याले पाठ दाखवू नाही काकू. बाबा म्हणते."

"माठ म्हणजे काय तळं आहे का?"

"पाणी तं पाणीच न."

मी पुन्हा कात्री हातात घ्यायची.

दारव्ह्याला बाजाराच्या रस्त्यावर माझं लेडीज टेलरचं दुकान आहे. तिचं घर दुकानामागच्या गल्लीत. भोयाचं घर. बाप गावाबाहेरच्या तळ्यावर मासे धरतो, माय आठवडी बाजारात मासे विकायला बसते. तळ्यावर उतरणाऱ्याने पाण्याकडे तोंड ठेवायचं, निघतानाही चार पावलं उलटं चालायचं, ही त्या घराची शिस्त. पाणी खायला देतं, त्याला पाठ दाखवणं म्हणजे उपकार विसरणं, असं बाप म्हणायचा. शिवाय पाण्यावर नजर असली की माणूस सावध राहतो, हेही त्यात आलंच. पोरीने दोन्ही गोष्टी अशा अंगी लावून घेतल्या, की नळाखाली भांडं लावलं तरी मान तिकडेच.

इथल्या ज्युनियर कॉलेजात असताना ती माझ्याकडे शिवण शिकायला आली. मशीनवर तिचा पाय बरा चालायचा, पण खरी गंमत तुरपाईची. दोऱ्याला गाठ मारायची ती जाळ्याची. मासोळीने कितीही हिसके दिले तरी न सुटणारी. बाया फॉल काढायला परत यायच्या आणि मला तो ब्लेडने कापावा लागायचा. एक मास्तरीणबाई तर म्हणाल्या, "साडी फाटंल पण हे सुटणार नाही." मी तिला झापलं. ती खुशाल हसली आणि म्हणाली, "मंग चांगलंच शिवलं न काकू!"

तशी ती बोलायला गोड होती, पण हट्टी. भल्ली हट्टी.

नागपुरात मत्स्यशास्त्राची पदवी घेऊन परत आली तेव्हा मला वाटलं, आता ही कुठंतरी नोकरीला लागेल. कशाची नोकरी आणि कशाचं काय! बाईने परसात पिंपं मांडली. बाजारात मासे साफ करणारे कटला माशाची कातडी फेकून देत, ती ही गोळा करून आणायची. खवले काढायची, मांस खरवडायची, चुन्याच्या पाण्यात भिजवायची, मग बाभळीच्या सालीच्या काढ्यात घालून ठेवायची. त्या दिवसांत आमच्या गल्लीत जो वास सुटला, तो वर्णन करायचा तर तुम्ही जेवून घेतलेलं बरं. शेजारच्या म्हाताऱ्या आजीने तर पदर नाकाला लावून तिच्या दारात उभं राहून विचारलं, "काय वं पोरी, मुडदा लपवून ठेवला का घरात?"

"नाही वं आजी, पर्स करून राह्यली."

"माश्याची पर्स? माय वं! अन् ते मांजर खाईल नाही का?"

आजीचं खरं ठरलं. पहिली पर्स माझ्याच मशीनवर शिवली. तीन सुया मोडल्या, मी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण शिवून झाली तेव्हा दोघी तिच्याकडे बघतच राहिलो. खवल्यांच्या खुणांची नक्षी, चहासारखा रंग, आणि हाताला मऊ. ती मी खांद्याला लावून बाजारात निघाली तर मागे दोन मांजरी. भाजीवाला म्हणाला, "काकू, वरात कोणाची?" घरी येईस्तोवर मांजरींनी पाठ सोडली नाही. पोरगी पोट धरून हसत होती. "वास काढाची तरकीब शिकाव लागते काकू," एवढंच म्हणाली.

त्यासाठीच तिने पुढची डिग्री घ्यायचं ठरवलं. समुद्रकाठच्या एका विद्यापीठात समुद्रातल्या नव्या धंद्यांची दोन वर्षांची मास्टर डिग्री असते म्हणे. तिने मला सांगितलं तेव्हा मला ओ की ठो कळलं नाही. "अवं, इथं समुद्र सोड, नदीलेही उन्हाळ्यात पाणी नसते. तुले कायले पायजे समुद्राची डिग्री?"

मग तिने मला माझ्याच भाषेत समजावलं. "काकू, बाकी डिग्र्या रेडिमेड. दुकानात टांगलेल्या. बसली तं बसली, नाही तं तशीच घालून फिरा. ही मापाची आहे. पहिल्या दिवशी विचारते, तुले काय करायचं आहे? मंग त्या मापानं विषय कापते. मले कातडं कमावाचं रसायन पायजे, धंद्याचा हिशोब पायजे, अन् समुद्राचे मोठे मासे पायजे. एवढंच शिकीन."

"अन् आखूड झाली तं?"

"उसवाची अन् पुन्हा शिवाची."

"पुढं ढिलं कराले माया सोडते का ते लोक कापडात?"

"सोडते न. दुसऱ्या वर्षी आपल्या गावात येऊन काम करा म्हणते. आपल्या गल्लीत कारखाना. शिलाईच्या मास्तरीण तुमी."

मी तोंडाने "जाय वं, गप" म्हटलं, पण खरं सांगते, त्या रात्री मला आनंदाने झोप लागली नाही. आयुष्यभर दुसऱ्या बायांचे ब्लाउज ढिले-घट्ट करत बसलेली मी. मला कोणी कशाची मास्तरीण करील, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

तिची मुलाखत माझ्या दुकानात झाली, कारण मोबाइलला रेंज तिथेच बरी. मी शटर अर्धं ओढून बाहेर पहाऱ्याला बसली. आतून एका बाईंचा आवाज आला, तुम्ही समुद्र पाहिला आहे का? ही म्हणाली, "नाही मॅडम. पण पाण्यावर वाढली आहे." एवढं शुद्ध बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं. निवड झाली, शिष्यवृत्तीही मिळाली. गल्लीत पेढे वाटले तेव्हा म्हातारी आजी म्हणाली, "गेला बापा एकदाचा वास!"

जायच्या दिवशी सकाळी बाप तिला तळ्यावर घेऊन गेला. मीही गेली. तिने पाण्यात हात बुडवून कपाळाला लावला आणि तळ्याच्या बांधाची पाळ चढेपर्यंत उलटी चालत आली. बाप म्हणाला, "समुद्र मोठा आहे माय. तिथंही पाण्याले पाठ दाखवू नोको."

"नाही दाखवत बाबा."

मायने वाळलेल्या झिंग्यांची पुडी पिशवीत कोंबली. मी म्हटलं, "समुद्राकाठी झिंगे घेऊन चालली, लोक हसतीन." माय रडता रडता हसली. पोर यवतमाळच्या जीपमध्ये बसली, आणि ती पहिली पर्स तिने खिडकीतून माझ्या हातात दिली.

तिचे फोन यायचे ते दुपारी, मी डबा उघडला की. पहिल्याच आठवड्यात ओरडली, "काकू, इथलं पाणी पळून जाते! पार दिसत नाही इतकं दूर जाते, अन् मंग परत येते. रोज!" मला वाटलं चेष्टा करते. मी म्हटलं, "मंग लोक मासे धरते का पाण्यामागं धावते?" दुकानातल्या बाया हसल्या आणि फोनमध्ये तीही हसली.

ती तिथे रमली. मास्तर लोक तिला विचारून शिकवायचे, याचं तिला भारी कौतुक. वासाची तरकीबही तिनेच शोधली. ओहोटीच्या चिखलात खुंट ठोकायचे, कातडी जाळीत घालून त्यांना बांधायची. भरती येते, धुते, जाते. "मोटर नको, बिल नको काकू. समुद्र आपली धोबीण झाली." तिकडच्या बाया कातडी धुतील, कमावतील, आणि शिवायला दारव्ह्याला पाठवतील, असा सगळा बेत तयार होता. दिवाळीनंतर ती दुसऱ्या वर्षाचं काम करायला इकडे येणार होती. मी दुकानामागची खोली रिकामी केली, जुन्या गाठोड्यांना उन्हं दाखवली, भिंतीला चुना दिला. पुतळ्याचा हातही चिकटवून घेतला, आता येईल आणि पुन्हा पाडेल म्हणून.

दिवाळी तोंडावर होती. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. तिचा बाप दारात येऊन उभा राहिला. चपला हातात होत्या, का होत्या कोण जाणे. बायांनी वाट दिली. तो आत आला, माठाजवळ खाली बसला आणि म्हणाला, "बाई, पोरगी बुडाली."

मला समजलं, पण मी त्याच्यावरच ओरडली. "काहीही काय बोलता! तिले पोहता येते." जसं काही माझ्या ओरडण्याने ते खोटं होणार होतं.

बाप आणि मामा तिला आणायला गेले. काय झालं ते तिच्यासोबत शिकणाऱ्या पोरींनी त्यांना सांगितलं, आणि बापाने पुढे बऱ्याच दिवसांनी मला. ओहोटी होती. ती चिखलात दूरवरच्या खुंटांपाशी कातडी सोडवत होती. भरतीची वेळ तिला माहीत होती, म्हणून मधूनमधून मान वर करून समुद्राकडे बघत होती. पाणी लांब होतं. अजून वेळ आहे, असंच कोणालाही वाटलं असतं. पण खाडीचं पाणी आधी बाजूच्या नाळेतून, म्हणजे चिखलातल्या खोल चरातून, आत शिरतं आणि मागून भरत येतं. तिच्या आणि काठाच्या मध्ये पाणी झालं. पोरी काठावरून हाका मारत होत्या. तिने समुद्राकडे तोंड ठेवूनच हात हलवला, आली आली म्हणून. वळली तेव्हा परतीची वाट राहिली नव्हती. पोहणारी पोर ती, पण पाय चिखलात, आणि ओढ जबर.

तिथल्या एका कोळणीने बापाचा हात धरून सांगितलं, "दादा, आमची पोरं पाण्यात उभी राहिली का आधी मागं बघतात."

हे सांगताना बाप माझ्यासमोर हमसून हमसून रडला. "मी शिकोलं वं बाई तिले. मीच शिकोलं, पाण्याकडं तोंड ठेव. तळ्याचं पाणी समोरच असते न. मले काय माहीत, मागून येणारंही पाणी असते?"

तुमचं काही चुकलं नाही, असं मी त्याला म्हटलं. दहादा म्हटलं. ते खरंही आहे. पण खऱ्याचा काही उपयोग नसतो अशा वेळी.

तिची पेटी आली. त्यात रंगवलेल्या कातड्या होत्या, निळ्या, मेंदी रंगाच्या, एक तर शेंदरी. वास अजिबात नव्हता. मी नाक लावून लावून पाहिलं. माझ्या पहिल्या पर्समागे अजूनही मांजरी येतात, पण या कातड्यांकडे एकीनेही ढुंकून पाहिलं नाही. पोरीने करून दाखवलं होतं.

तुम्हाला सांगते, माझ्या धंद्यात असं होतं कधीकधी. माप दिलेली बाई मरते आणि कापलेलं कापड आपल्याकडे राहतं. मी ते न चुकता घरच्यांना नेऊन देते. हे कातडं मात्र कोणाला देऊ? मागच्या खोलीत ठेवलं आहे. चुना दिलेल्या त्या खोलीत मी अजून दुसरं काही ठेवलेलं नाही.

बाप मासे धरत नाही आता. पण रोज तळ्यावर जातो. मायचा जीव घाबरा होतो, म्हणून परवा तिने मला पाठवलं. मी पाळीवरून पाहिलं तर तो काठाशी बसला होता, जाळं दुरुस्त करत. पाण्याकडे पाठ करून.

मी जवळ गेली. "काहून असे बसले भाऊ?"

त्याने मान वर केली नाही. हातातली गाठ आवळली, तीच, न सुटणारी. "लय तोंड पाह्यलं याचं," म्हणाला. "आता नाही पाहत."

मीही त्याच्या बाजूला तशीच बसली. मागे पाण्यात मोठा मासा उडाल्याचा आवाज झाला. त्याचे हात क्षणभर थांबले. आम्ही दोघांनीही वळून पाहिलं नाही.