फवारणीवाल्या फौजेबरोबर नाशिकला दोन दिवस

नात्यात कुणाचं लग्न नाही, कोणी दवाखान्यात नाही, आणि तरी मी पिशवी भरून नाशिकला निघाले. शेजारच्या शांताबाईनं दारातच अडवलं.

"कशाला गं चालली?"

"लढाई हाय."

"भावकीची का?"

"नाय, परग्रहावरची."

तिनं माझ्या काळ्या चष्म्याकडे असं बघितलं, जणू डोळ्याच्या ऑपरेशनात डॉक्टरनं डोक्यालाही हात लावलाय.

तर सांगते. गौरी माझी नात. नाशिकला कंपनीत यंत्रांची चित्रं काढते आणि गंगापूर रोडला खोली घेऊन राहते. तिला एक नाद आहे. मोठ्या टेबलावर पडकं शहर मांडायचं, दोघांनी आपापली फौज आणायची, फासे टाकायचे आणि टेपनं इंच मोजून सैनिक पुढे सरकवायचे. सैनिक करंगळीच्या दोन पेरांएवढे. ते प्लास्टिकच्या चौकटीत अडकून येतात, एकेक हात, एकेक पाय कापून घ्यायचा, चिकटवायचा आणि रंगवायचा. दोन वर्षांपूर्वी ती आमच्याकडे राहून घरून काम करत होती तेव्हा ओट्यावर हे सगळं मांडून बसायची. मी बघितलं आणि म्हटलं, अगं, ही तर द्राक्षाची विरळणीच झाली! चाळीस वर्षं बारीक कात्रीनं घडातले मणी कापलेत मी, शेजारच्या मण्याला धक्का न लावता. दे इकडे.

तेव्हापासून मी पण त्यात. त्यात एक सैनिक होता, तोंडाला मास्क, पाठीवर टाकी, हातात आग फेकायची नळी. मी म्हटलं, हा तर फवारायला निघालाय. नळी कापली, रिफिलचा तुकडा लावून फवारणीची गन केली. नळ गळतो तेव्हा लावायचा मसाला असतो ना, तसल्याच मसाल्याची टोपी केली. डिंकात बुडवलेल्या कागदाचा टॉवेल गळ्यात टाकला. गौरी याला कन्व्हर्जन म्हणते. असे बारा केले. त्यातला म्होरक्या केला तो आमचे हे. गौरीचे आजोबा. जाऊन सहा वर्षं झाली. पंपाच्या पट्ट्यानं त्यांचा डावा खांदा कायम खाली असायचा, म्हणून मी त्या सैनिकाचा खांदा कापून तसा खाली बसवला. आणि त्यांना पांढऱ्याशिवाय कपडा चालायचा नाही, म्हणून सगळी फौज पांढरी रंगवली. स्वतःच्या हातानं.

ही फौज या खेळाच्या नाशिकच्या मेळाव्यात मांडायची होती. ती गौरीकडे होती, माझ्याकडे फक्त एक डबा. हे सगळं मी वहीत लिहिते आणि गौरी टाइप करून इथं नेटवर टाकते. चौथीपर्यंतच शाळा झालीय, तेव्हा जोडाक्षरं तिची, बाकी सगळं माझं.

शनिवारी सकाळी निफाडहून पिंपळगावला जीप. जीप भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घाई असेल तर एसटीच बघा; बायकांना अर्धं तिकीट लागतं. मागच्या सीटवर बसू नका, टोमॅटोचे क्रेट पायावर येतात. माझ्या शेजारी एक बाई होती, तिचं लक्ष सारखं डब्याकडे.

"चिवडा हाय का वो मावशी?"

"माती हाय."

"माती? नाशकात माती नाय का?"

"आमच्या बागेतली पाहिजे. सुनेनं कढईत भाजून दिलीय."

ती बाई पुढच्या फाट्यापर्यंत डब्याकडेच बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मीठ टाकलं का?" आणि आम्ही दोघी अशा हसलो की ड्रायव्हरनं आरसा फिरवून बघितलं. माती सैनिकांच्या पायाखाली चिकटवायची असते. न भाजता चिकटवली तर त्यातून किडे निघतात, हा अनुभव गौरीनं एकदा घेतलाय.

पिंपळगावला डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं होतं. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू महिन्यापूर्वी काढला. तेव्हापासून काळा चष्मा, चुलीजवळ जायचं नाही, बारीक काम नाही. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "आजी, उजवा डोळा मिटा. माझा कोट कसा दिसतो?"

"हळदीच्या दुधासारखा."

"आता डावा मिटा."

बाई गं! कोट इतका पांढरा की मी हात लावून बघितला. चष्मा आता नको, बारीक कामही चालेल म्हणाल्या; डावा डोळा पण करायचाय, दिवाळीनंतर या.

मग काय, बसमध्ये नाशिकपर्यंत माझा एकच उद्योग. एक डोळा मिट, दुसरा मिट. कांद्याच्या टेम्पोंची रांग लागली होती; डाव्या डोळ्याला सगळे कांदे मातीचे, उजव्याला गुलाबी, जांभळे, एकेकाचा पदर वेगळा. ओझरला डोक्यावरून विमान गेलं, त्याच्या मागचं आभाळ एवढं निळं असतं हे मी विसरूनच गेले होते. कंडक्टरला वाटलं मी त्याला डोळा मारतेय. तिकीट देताना लाजला बिचारा.

नाशिकच्या द्वारका चौकात उतरलात तर रिक्षावाला जो आकडा सांगेल त्यावर हसा आणि पुढे चालायला लागा, तो मागून येतो. गौरी न्यायला आली होती. तिनं आधी मिसळ खाऊ घातली. मिसळ झणझणीत होती, पण पाव गोड निघाला, हे मला पटलं नाही. खोलीवर गेल्यावर मी पदर खोचला, डबा उघडला आणि म्हटलं, आण फौज, माती लावून टाकू.

तिनं खोका उघडला. स्पंजाच्या खोबणीत बारा सैनिक आडवे झोपलेले.

"गौरे, हे कोणाचे?"

"आजी, तुझेच."

"माझे पांढरे हायेत."

तिनं खोका माझ्याकडे सरकवला. मी उजवा डोळा मिटला: पांढरे. डावा मिटला: निळे. फिकट निळे, वर टोपीपासून खाली पायापर्यंत.

मग डोक्यात प्रकाश पडला. रंगवताना पांढरा रंग मला पिवळट दिसायचा. धोतर पिवळं पडलं की आपण पाण्यात नीळ घालतो, तसा मी त्या रंगात निळ्याचा थेंब टाकला. तरी पिवळंच दिसे. अजून एक थेंब. अजून एक. पांढरे शुभ्र झाले असं वाटेपर्यंत टाकत राहिले.

"तू चार महिने बघती हे आणि बोलली नाय?"

"तू एवढी खूश होतीस."

"माझं हसं केलं तू."

"हसले नाही गं आजी. हे बघूनच तर मला कळलं तुझे डोळे गेलेत. पप्पांच्या मागे कोण लागलं ऑपरेशनसाठी?"

ते खरं होतं. पण मला राग आला होता आणि तो मला थोडा वेळ हवा होता. मी म्हटलं, मी काही उद्या येत नाही. सहा वर्षांनी ह्यांना चारचौघांत न्यायचं आणि ते असे, निळीच्या पाण्यात पडल्यासारखे? माणूस कापसासारखं पांढरं घालून बाजारात जायचा. गौरीनं चहा ठेवला. म्हणाली, "उद्या तिथं खिडकीशी रंगाचं टेबल असतं. तुला पांढरे करायचे तर कर. मी हात लावणार नाही, फौज तुझी आहे." माती लावताना आम्ही दोघी एकमेकींशी फक्त 'डिंक दे' एवढंच बोललो.

रविवारी सकाळी हॉलवर. हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, गुडघेवाल्यांनी कठड्याच्या बाजूनं चढावं. दार उघडलं आणि मी तिथंच उभी राहिले. आठ टेबलं, त्यावर थर्माकोलची पडकी शहरं, आणि सगळीकडे राक्षस, रणगाडे, सहा पायांची माणसं. दाढीवाली मोठी मोठी मुलं वाकून टेपनं इंच मोजतायत. माझी सून शिंप्याशी ब्लाउजच्या मापावरून भांडते ना, तेवढ्याच पोटतिडकीनं.

मी सरळ खिडकीशी गेले. पांढरा रंग घेतला, ताकासारखा पातळ केला आणि पहिल्यांदा ह्यांना हातात धरलं. सुरुवात टोपीपासून. टोपी पांढरी झाली. मग कपाळ, कानामागं, मानेवर, खांद्याच्या उतारावरून अर्ध्या छातीपर्यंत आले. जरा लांब धरून बघितलं.

आणि हात थांबला.

ज्यांची बाग नाही त्यांना सांगते. छाटणी झाली की मोरचूद आणि चुना कालवून ते निळं पाणी वेलीवर मारतात. तेव्हा ट्रॅक्टर नव्हता, पाठीवर पंप. सकाळी हे पांढरे कपडे घालून जायचे आणि संध्याकाळी बागेतून निळे होऊन यायचे. भुवया निळ्या, नखं निळी, शर्ट असा की घासून घासून माझे हात जायचे. लग्न होऊन आले त्या पहिल्या वर्षी तर मी घाबरून सासूबाईंना हाका मारल्या होत्या. पुढे मी रोज करवादायचे, फवारणीला तरी जुनं काही घालत जा. ते म्हणायचे, "अगं, वेलीला पण कळू दे ना, मालक आलाय."

हा तोच निळा होता. थेंब-थेंब मोजून कालवायला बसले असते तरी जमला नसता.

रंग ओला होता. स्वच्छ पाण्यात ब्रश बुडवून मी टोपीवरचा, छातीवरचा, खांद्यावरचा पांढरा पुसून काढला. मानेवरचा निघाला. टोपीच्या कडेखाली, कानामागं थोडा राहिला, तो मी राहू दिला. टोपी काढून घाम पुसला की तिथं तसंच दिसायचं.

गौरी लांबून बघत होती. मी म्हटलं, "ये गं, तुझ्या आजोबांना टेबलावर घेऊन चल." ती आली आणि बोलायच्या आधी नाकच ओढलं तिनं.

आमची लढत निनाद नावाच्या मुलाशी. नाशिकरोडचा, बँकेत आहे, बोलायला गोड. त्याची फौज म्हणजे हिरवे राक्षस, अंगावर पांढरट झाक मारलेली.

मी म्हटलं, "अरे, तुझ्या राक्षसांना भुरी झालीय. गंधक मार."

"आजी, हा हायलाइट आहे!"

"आमच्याकडे वेलीवरच्या अशा पांढऱ्या बुरशीला भुरीच म्हणतात. तरी बरं, आम्ही फवारणीवालेच आलोय."

शेजारच्या टेबलावरची मुलं खेळ सोडून आली. निनादनं वाकून ह्यांना बघितलं, मग विचारलं, "हे निळे का आहेत पण? मला वाटलं शेतकरी म्हणजे पांढरे असतील."

आदल्या दिवशी याच प्रश्नाला मी घाबरले होते. म्हटलं, "मोरचूद मारून आलेत. कपडे बदलायला वेळ नाय मिळाला, तुझ्याशी लढायचं होतं." मग काय आणि कसं ते सगळं सांगितलं. त्यानं टेप खाली ठेवून ऐकलं.

हरलो आम्ही. तिसऱ्या फेरीत अकरा जण आडवे झाले, फासे माझे पहिल्यापासून वाईट. हे एकटे पडक्या भिंतीआड उभे राहिले. निनादनं फासा टाकला, सहा आला. मी ह्यांना उचलून पदरात घेतलं. तो म्हणाला, "आजी, आडवं ठेवायचं असतं, मेला तो." मी म्हटलं, "घरी घेऊन जायचाय." मुलगा शहाणा, फासे गोळा करायला लागला. रंगकामाचं बक्षीस दुसऱ्या कोणाच्या रणगाड्याला मिळालं. रणगाडा चांगला होता, पण त्याच्या चाकांना चिखल नव्हता. एवढं शहर तुडवून आला आणि चाकं कोरडी?

जेवण मेळाव्याच्या पैशातच असतं: पुलाव, पापड, जिलबी. पुलावात मीठ कमी. दोन लोणच्याच्या पुड्या बरोबर न्या.

दुपारच्या बसनं परत निघाले. गौरीनं अकरा ठेवून घेतले, एक मला दिला. तो मी रिकाम्या मातीच्या डब्यात, रुमालात गुंडाळून आणला.

दुसऱ्या दिवशी सुनील, माझा मुलगा, बागेतून आला. आता ट्रॅक्टरच्या ब्लोअरनं फवारतात, अंगात रेनकोट, तोंडाला मास्क, एक थेंब लागत नाही. हात धुता धुता त्याचं लक्ष खिडकीत गेलं. तिथं मी ह्यांना उभं केलं होतं. त्यानं ओल्या हातानं उचललं, उजेडात धरलं. खाली बसवलेल्या खांद्यावरून बोट फिरवलं. मी काही सांगितलं नव्हतं.

"आई, हे अण्णा ना?" म्हणाला. "मोरचूदाच्या दिवसातले."

मग जिथून उचललं होतं तिथं नीट ठेवलं, तोंड बागेकडे होतं ते घराकडे केलं आणि जेवायला बसला.

तेव्हापासून माझा एक खेळ झालाय. सकाळी उजवा डोळा मिटून बघते, तर हे पांढरे स्वच्छ, नुकतेच निघालेले. संध्याकाळी डावा मिटते, तर निळे, फवारून आलेले. एकाच माणसाचं जाणं आणि येणं मला खिडकीत बसून दिसतं. दुसरं ऑपरेशन झालं की यातलं पांढरं बंद होणार, हे मला ठाऊक आहे.

काल गौरीचा फोन आला. "आजी, दिवाळीनंतरची तारीख घेऊन टाकू ना डाव्या डोळ्याची? की थांबू?"

मी खिडकीकडे बघितलं, दोन्ही डोळ्यांनी.

"घे बाई," म्हटलं. "आलेले राहिले म्हणजे झालं."