कंदील्याचा आवाज

धुळ्यात देवपूरला कोकिळाच्या घरी दोन शिलाई मशिनी आहेत आणि जूनच्या तोंडावर दोन्हींना श्वास घ्यायला फुरसत नसते. शाळांचे गणवेश शिवायचे असतात. डोळे सुईवर आणि कान मोबाइलवर, ही तिची कामाची रीत. मोबाइल ती बॉबिनच्या डब्याला टेकवून उभा करते, पण त्याच्याकडे बघत नाही. बघितलं की सुई बोटात जाते. मालिका असो की कीर्तन, सगळं तिनं नुसतं ऐकलेलं. एखाद्या नटीचा चेहरा विचाराल तर बाई गप्प, पण आवाजावरून सासू कोणती आणि सून कोणती हे ती झोपेतही सांगेल.

लहानपणी मात्र सगळा प्रकार याच्या उलटा होता. तेव्हा तिनं एक अख्खं कार्टून नुसतं पाहिलं होतं, आणि त्यातला एक शब्दही ऐकला नव्हता.

तिचं माहेर पहूर. तिचे वडील चुडामण आबा हे गावचे वायरमन. गावातला पहिला रंगीत टीव्ही आणि पहिला कूलर रतिलाल काकांकडे आला. रतिलाल काकांचं भांड्यांचं दुकान होतं, आणि ते आबांचे जिवलग. दुपारचा चहा दोघं एकाच बशीतून प्यायचे. टीव्ही आला त्या दिवशी सतरा पोरं घरात घुसली आणि विकायला आणलेल्या पातेल्यांची चळत धाडकन कोसळली. तेव्हापासून काकूंनी पोरांना दारबंदी केली. पोरं कसली ऐकतात! ती कूलरशेजारच्या खिडकीच्या काचेला नाक लावून उभी राहू लागली. पहूरच्या मे महिन्यात तो कूलर रात्रीपर्यंत असा घरघरायचा की आतला टीव्ही मुका होऊन जायचा. वर अधूनमधून त्याचं पाणी अंगावर उडायचं, तो फायदा वेगळा.

संध्याकाळी साडेसहाला ते कार्टून लागायचं. एक लाल टोपीवाला पोरगा, त्याची पंख असलेली बकरी, आणि चोरीला गेलेली पहाट शोधायला दोघांनी धरलेली वाट. वाटेत बोलणारे डोंगर, काचेची नदी, झोपाळू राक्षस. आणि मागे तो. फाटक्या घोंगडीतला, लांब हातांचा, कंदील घेतलेला म्हातारा. प्रत्येक भागाच्या शेवटी टेकाडावर त्याचा कंदील दिसायचा, तो हात लांबवून काहीतरी ओरडायचा, पोरगा जिवाच्या आकांतानं पळायचा आणि खिडकीबाहेरची पोरं एकमेकांना घट्ट धरायची. आवाज नसल्यामुळे नावं पोरांनीच ठेवली होती. पोरगा टोपीवाला, बकरी उडनबकरी आणि म्हातारा कंदील्या. कंदील्या दुष्ट आहे हे कोणी ठरवलं नव्हतं, पण त्यात ठरवण्यासारखं होतं तरी काय? जो मागे लागतो तो दुष्टच असणार.

आबा रोज सातच्या सुमाराला बॅटरी घेऊन कोकिळाला शोधायला निघायचे. कडक माणूस. लेक दुसऱ्याच्या खिडकीशी उभी राहते हे त्यांना खपत नसे. जूनअखेरीस, शाळा सुरू झाली तरी ऊन हटेना, अशा एका संध्याकाळी पडद्यावर कंदील दिसला आणि त्याच वेळी गल्लीच्या टोकाला आबांची बॅटरी चमकली. नऊ वर्षांची कोकिळा जीव खाऊन ओरडली, "पळा रे, कंदील्या आला!" आणि ओरडता ओरडताच लाइट गेले. कूलर बंद पडला आणि तिच्या आरोळीतलं 'कंदील्या आला' तेवढं घरभर ऐकू गेलं.

शेजारी उभ्या असलेल्या अफिफानं, म्हणजे कोकिळाच्या जिवाभावाच्या मैत्रिणीनं, आबांना चिकटलेलं ते नाव दुसऱ्या दिवशी वर्गात नेलं. वर्गातून ते बाजारात गेलं. ज्यानं गावात उजेड आणायचा त्या वायरमनलाच कंदील्या म्हणायचं, ही थट्टा गावाला अशी काही आवडली की विचारू नका. आधी पाठीमागे म्हणत, मग बाजूला वळून, मग हळूच.

तोंडावर म्हणायची हिंमत केली ती एकट्या रतिलाल काकांनी, आणि तीसुद्धा पंधरा ऑगस्टला, माइकवरून. जुलैच्या वादळात आबांनी भर पावसात खांबावर चढून दवाखान्याची लाइन जोडून दिली होती, म्हणून झेंडावंदनानंतर त्यांना शाल-श्रीफळ होतं. सूत्रसंचालन काकांकडे. काका मोठ्या ऐटीत म्हणाले, "आता आपल्या गावाच्या कंदील्याले मी विनंती करतो..." पुढचं कोणाला ऐकू आलं नाही. अख्खं मैदान हसलं. आबा अर्ध्या वाटेवरून मागे फिरले. शाल खुर्चीवर राहिली आणि दोस्तीही तिथेच राहिली. हे नाव रतिलालनंच पाडलं, अशी आबांनी त्या दिवशी खूणगाठ बांधली ती कायमची. कोकिळा मुलींच्या रांगेत उभी होती. तिला सगळं कळत होतं, पण तिनं तोंड उघडलं नाही. आधी भीतीनं, मग लाजेनं, आणि नंतर नुसत्या सवयीनं. असं करता करता तीस वर्षं गेली.

आणि यंदाच्या मे महिन्यात भुसावळहून अफिफानं एक लिंक पाठवली. खाली लिहिलं होतं, 'उडनबकरी सापडली!'

कोकिळाला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! हातातली कॉलर टाकून तिनं ते लावलं. पाच मिनिटं डोळे भरून पाहिलं आणि तोंड उतरलं. एवढंसं होतं हे? बकरीचे पंख पुठ्ठ्याचे वाटत होते. एकच टेकाड चारदा येत होतं. टोपीवाल्याचं तर तिला कौतुक वाटेना. ह्या पोराला न जेवताखाता घराबाहेर सोडलं कोणी, हेच तिच्या मनात येत राहिलं. वय झालं की असं होतं, दुसरं काय. मग तिनं मोबाइल डब्याला टेकवला, मशीन सुरू केलं आणि नेहमीसारखी नुसती ऐकू लागली.

दोन बाह्या झाल्या, तिसरी लावत असताना एक आवाज कानावर आला. म्हातारा, दमलेला, पण आपल्या माणसाचा असावा असा. "रुक जा बेटा, आगे पुल टूटा है. अच्छा, नहीं रुकता तो धीरे चल, मैं पीछे से उजाला करता हूँ." हा कोण बुवा मायाळू माणूस, ह्याला तर आपण कधी पाहिलं नाही, म्हणून कोकिळानं मान वर केली. पडद्यावर कंदील्या होता. तोंड तसंच भयंकर, हात तसाच लांबलेला, आणि बोलत होता तो हे. लालटेन बाबा म्हणायचे त्याला. घोंगडीतला म्हातारा सबंध गोष्टभर त्या पोराला वाचवत आला होता. कंदिलाचा उजेड मागून पडायचा म्हणून तर पोराला पुढचा खड्डा दिसायचा.

आणि तिला आठवलं की रतिलाल काकांच्या घरापासून आपल्या घरापर्यंत आबा कधी पुढे चालत नसत. ते मागून चालायचे, आणि बॅटरीचा झोत तिच्या पावलांच्या पुढे पडायचा.

मशीन थांबलेलं ऐकून नवरा हितेंद्र आतून आला, तर ती रडत होती. तो पक्का धुळ्याचा, अहिराणीच बोलणारा. "काय व्हयनं? सुई टोचनी का? रडी कसाले ऱ्हायनी?" तिनं मोबाइलकडे बोट दाखवलं. त्यानं वाकून पाहिलं. "कार्टून शे ना ते!" म्हणाला, आणि तिच्यासाठी पाणी घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी तिनं रतिलाल काकांचा नंबर मिळवला. काका दहा वर्षांपासून सावद्याला मुलाकडे राहतात. तिनं सरळ विचारलं, "काका, त्या दिवशी माइकवर तुम्ही आबांना तसं कामून म्हटलं?"

काका म्हणाले, "अवं पोरी, टीव्हीतल्या त्या म्हाताऱ्याचं बोलणं आम्ही आतून ऐकत व्हतो, आमच्या सगळ्याइचा त्याच्यावर जीव. लाइट गेले, गल्लीत तुह्या बापाची बॅटरी दिसली, अन् तू खिडकीतून वरडली ना, कंदील्या आला म्हणून, तवा मले वाटलं, ही पोरगी बापावर किती जीव लावते! माह्या डोयात पाणी आलं व्हतं. म्हणून माइकवर म्हटलं."

कोकिळानं विचारलं, "मग आबांना सांगितलं का नाही, की हे नाव माझं?"

"तीनदा गेलो दारी. त्यानं दार उघडलं नाही. अन् उघडलं असतं तरी काय, नऊ वरसाच्या लेकराले पुढे करून मी सुटू? नंतर मलेबी राग आला, खोटं कामून बोलू. आताबी सांगू नको त्याले. म्हातारपणी त्याले लेकीवर ठपका कायले ठेवू द्यायचा. माह्याच नावावर राहू दे."

हा मोह काही लहान नव्हता. काकांनी ते कौतुकानं म्हटलं होतं, एवढंच सांगितलं असतं तरी दोन म्हाताऱ्यांची गाठ पडली असती आणि कोकिळा नामानिराळी राहिली असती. धुळ्याहून जळगाव आणि जळगावहून पहूर, दोन्ही बसमध्ये ती हेच घोळवत होती. घरी पोहोचली तेव्हा भाऊ-भावजय शेतात होते आणि आबा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. सत्त्याहत्तर वर्षांचे, पण पाठ अजून खांबासारखी ताठ. पाणी पिऊन झाल्यावर तिनं ठरवलेली अर्धी गोष्ट सांगितली, की टीव्हीतला तो म्हातारा मायाळू होता आणि काकांनी ते नाव कौतुकानं घेतलं.

आबांनी ऐकून घेतलं. एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि विचारलं, "रतिलालनं कवतिकानं म्हटलं, मानलं. पण त्याच्या आधी महिनाभर पोरं माह्या मांगं वरडत व्हती. त्याइच्या तोंडी ते नाव कोणं घातलं?"

वायरमनच तो. फॉल्ट कुठे आहे ते शोधल्याशिवाय खांबावरून उतरायचाच नाही.

"मी," कोकिळा म्हणाली. "मीच ठेवलं, आबा."

"तुले तो म्हातारा चांगला वाटे?"

आता हो म्हटलं की संपलं असतं. पण तिच्याच्यानं खोटं बोलवेना.

"नाही. मले तो दुष्ट वाटे. आवाज ऐकूच येत नव्हता. मले त्याची भीती वाटे."

"अन् माही?"

"तुमचीबी."

आबा उठले आणि आत गेले. कोकिळा ओट्यावरच बसून राहिली. तीस वर्षं पोटात ठेवलेलं बाहेर पडलं होतं, पण हलकं वगैरे काही वाटत नव्हतं. ज्याला लागायचं त्याला लागलं होतं आणि ते तिनंच लावलं होतं. तिनं उरलेल्या सगळ्या शेंगा फोडल्या. सूप भरलं. ऊन समोरच्या भिंतीवरून उतरलं तेव्हा आबा दारात आले, आणि चष्मा पुसत म्हणाले, "दाखव बरं मले तो."

तिनं मोबाइल त्यांच्या हातात दिला आणि आवाज पूर्ण मोठा केला. आबांनी दोन भाग सलग पाहिले. काचेची नदी आली, राक्षस आला, ते तसेच पाहत राहिले. तुटलेल्या पुलापाशी म्हातारा ओरडू लागला तेव्हा मात्र त्यांनी मोबाइल जरा कानाजवळ नेला.

"पोरगा मांगं वयून पाहत नाही का त्याच्याकडे?" त्यांनी विचारलं.

"शेवटच्या भागात पाहतो."

"उशीरच करतो," आबा म्हणाले. मग मोबाइल तिला परत देत म्हणाले, "रतिलालले लाव."

तिनं नंबर लावून दिला. आबांनी फोन दोन्ही हातांनी धरला. पलीकडून काकांचा आवाज आला, "हॅलो? कोण बोलून राहिलं?"

ह्या नावावरून आबांनी बाजारात लोकांच्या गचांड्या धरल्या होत्या. ह्या नावापायी त्यांनी दोन लग्नांच्या पंगतीतून भरल्या ताटावरून उठून पाय काढला होता. आबांनी घसा साफ केला.

"कंदील्या," ते म्हणाले. "पहूरहून कंदील्या बोलतो भो."

पलीकडून काकांचा रडका, चिडका आवाज कोकिळालाही ऐकू येईल इतका मोठ्यानं आला, "कुठं मेला व्हता रे इतके दिवस!"

आबांनी लेकीला माफ केलं की नाही, हे त्यांनी काही सांगितलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही. ते फोन कानाला लावून बोलत राहिले, आणि बोलता बोलता त्यांनी सुपातले मूठभर दाणे उचलून तिच्या हातावर ठेवले.